मनाचं बिनसलंय हे कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावं?

अनवट

झोपेच्या धाग्यावर अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

तिथे एका आयडीने लिहिलं होतं की झोप हे वरवरचं झालं, खरं म्हणजे सकाळी उठून दिवस सुरू करायचीच इच्छा होत नाही आणि हे घरात कुणालाही माहीत नाही. "सांगायचं कसं तेच सुचत नाही" असं त्यांचं शेवटचं वाक्य होतं. त्यावर भराभर प्रतिसाद आले. डॉक्टरांना दाखवा, रोज चालायला जा, मन मोकळं करा. सगळे कळकळीने लिहिलेले, पण सांगायचं कसं या मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. मी स्वतः नैराश्यातून गेले आहे, औषधं आणि समुपदेशन दोन्ही घेतलं आहे आणि आता बरी आहे. म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते. बाकीच्यांनीही भर घालावी.

"मन मोकळं कर" असं म्हणणाऱ्याच्या लक्षात येत नाही की या आजारात नेमकी बोलण्याचीच ताकद गेलेली असते. विचार संथ होतात, साधे साधे निर्णय घेता येत नाहीत, वाक्य अर्ध्यात तुटतं. ही आजाराची लक्षणं आहेत, तो स्वभाव नव्हे. त्यात "आपण सगळ्यांना ओझं झालोय" हे डोक्यात सतत चालू असतं. म्हणून माझं सांगणं असं, की ऐनवेळी शब्द सुचतील यावर विसंबू नका. आधी लिहून काढा. बऱ्याच जणांना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळकडे जरा हलकं वाटतं. तो जो थोडा बरा वेळ असेल त्यात मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवा, आणि सांगताना सरळ त्या वाचून दाखवा. वाचून दाखवण्यात काहीही कमीपणा नाही.

काय लिहायचं? काय बदललंय, कधीपासून, आणि समोरच्याने काय करावं असं वाटतं. मी बहिणीला वाचून दाखवलं होतं ते साधारण असं होतं:

"गेला महिनाभर मला पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. कामाचं एकच पान चार चार वेळा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. गाणं ऐकायला बसले तर दोन मिनिटांत बंद करते. कशामुळे होतंय ते मला माहीत नाही, त्यामुळे ते विचारू नकोस. मला डॉक्टरांकडे जायचंय, पण फोन करायचा धीर होत नाहीये. तू वेळ घेशील का, आणि सोबत येशील का?"

याऐवजी नुसतं "मला डिप्रेशन आलंय" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: "का? कशाचं टेन्शन आहे?" मग आपण कारणं शोधत बसतो, समोरचा एकेक कारण खोडून काढतो, आणि अर्ध्या तासाने आपल्यालाच वाटायला लागतं की आपण उगाच बाऊ करतोय. नैराश्याला दर वेळी बोट दाखवता येईल असं कारण असतंच असं नाही. तीनला जाग येते हे मात्र कुणी खोडून काढू शकत नाही.

लिहायला सुरुवात सुचत नसेल तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली बघा. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी ती तयार केली आहे आणि जगभर साध्या दवाखान्यांतसुद्धा वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. झोप, भूक, थकवा, एकाग्रता, रस वाटणं न वाटणं, सगळं त्यात येतं. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं असं धरतात. ही चाळणी आहे, निदान नाही. मला तिचा खरा उपयोग झाला तो शब्द सापडायला.

शब्दवेल

+१. "कशामुळे होतंय ते विचारू नकोस" हे वाक्य उचलून ठेवलंय.

कोरा कागद

अनवट, लेख आवडला, पण दुसरी बाजूही मांडतो. मी घरात एका व्यक्तीला विश्वासाने सांगितलं. आठवड्याभरात ते सगळ्या नातेवाइकांत झालं. जो तो फोन करून विचारतोय, कुणी उपास सांगतोय, कुणी "त्याला आता काही बोलू नका" असं माझ्यादेखत कुजबुजतोय. त्यानंतर माझ्या प्रत्येक रागाला, प्रत्येक नकाराला "याचं ते पुन्हा सुरू झालं" असं लेबल लागलं. प्रामाणिकपणे बोलायला माझी ना नाही. पण जो बोलतो त्याला किंमत मोजावी लागते, हे न सांगता सगळ्यांना बोला बोला म्हणणं मला पटत नाही.

अनवट

कोरा कागद, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. प्रामाणिक असणं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगणं नव्हे. आधी एकाच व्यक्तीला सांगावं, असं मी म्हणेन. ती व्यक्ती जवळचीच हवी असंही नाही. पूर्वी एखादी छोटी गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी पोटात ठेवली का? दुसऱ्यांच्या अडचणी ते तुमच्यापाशी चघळतात का? चघळत असतील तर तुमचीही चघळतील. आणि "हे तुझ्यापाशीच ठेव, आणखी कुणाला कळायला हवं असं वाटलं तर आधी मला विचार" हे गृहीत न धरता तोंडाने म्हणावं.

असं कुणीच आसपास नसेल तर पहिलं बोलणं थेट डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी केलं तरी चालतं. गोपनीयता पाळणं हा त्यांच्या व्यवसायाचा नियमच आहे. सहसा जिवाला धोका आहे असं दिसलं तरच तो बाजूला ठेवतात.

रानवाट

इथे पुरुष मंडळी कमी लिहितात म्हणून मुद्दाम लिहितो.

माझ्या बाबतीत उदास वाटणं वगैरे काही जाणवलंच नाही. चिडचिड व्हायची, गाडी चालवताना अंगावर धावून जावंसं वाटायचं, आणि छातीत धडधड. एका रात्री वाटलं की हार्ट अटॅकच आला. हात बधिर, श्वास पुरेना, घामाने शर्ट ओला. इस्पितळात ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण उलट फार अपमान वाटला. इतका जीव घाबरा झाला आणि म्हणे काही झालेलं नाही.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. तो पॅनिक अटॅक होता. भीती साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि मग आपोआप ओसरत जाते. शरीर खरोखरच पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत जातं, ॲड्रेनलिन खरंच वाढतं, भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात. म्हणजे जे झालं ते खरं होतं, फक्त हृदयाचं नव्हतं. एवढं कळल्यावर अर्धी भीती गेली. (पहिल्यांदा असं झालं तर तपासणी करून घ्याच. छातीतलं दुखणं घरच्या घरी पॅनिक ठरवू नका.)

बायकोला सांगताना मी अनवटने लिहिलंय तसंच केलं, फक्त समोरासमोर बसून नाही. समोर बसलं की घशात अडकतं. गाडीत, शेजारी बसून, नजर रस्त्यावर ठेवून सांगितलं. ज्यांना डोळ्यात बघून बोलणं जमत नाही त्यांनी चालताना किंवा हाताने काही काम करताना बोलून बघा.

तिरीप

रानवाट, "काही झालेलं नाही" वरून माझं लिहिते.

बाळ झाल्यावर पहिले काही दिवस रडू येतं, ते बहुतेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत जातं. माझं गेलं नाही. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. बाळाचं सगळं वेळेवर करत होते, पण आतून काहीच वाटत नव्हतं, कुणा दुसऱ्याचं मूल सांभाळतेय असं. हे वाक्य कुणाला सांगणार? आई होऊन असं कसं वाटतं, हेच ऐकावं लागणार याची खात्री होती.

बाळाच्या तपासणीला गेले तेव्हा तिथल्या परिचारिकेने माझ्या हातात एक कागद दिला. १० प्रश्न. एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून वापरात आहे, खास बाळंतिणींसाठी बनवलेलं. त्यात एक प्रश्न विनाकारण स्वतःला दोष देण्याबद्दल आहे. तो वाचला आणि कळलं की हे इतक्या जणींना होतं की कुणीतरी त्यावर छापील प्रश्न काढून ठेवलाय. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा आहे की जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्यत्वे नैराश्य. म्हणजे दर सात-आठ जणींमागे एक.

नव्या आईला भेटायला जाल तेव्हा बाळ कसं आहे ते विचारून झाल्यावर तिला बाजूला घेऊन विचारा की बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का. या प्रश्नाचं खरं उत्तर देणं तिला सोपं जातं.

पाणवठा

मी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते. ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण बोलणाऱ्याने सगळी तयारी केली आणि समोरून पहिलंच वाक्य "अरे, इतकं काय त्यात, चांगला विचार कर" असं आलं, की ते दार पुन्हा उघडायला कधी कधी वर्षं जातात.

पहिल्या पाच मिनिटांत काही सुचवायचं नाही. जे ऐकलं तेच आपल्या शब्दांत परत म्हणायचं: "म्हणजे महिनाभर तू तीनपासून जागी असतेस, आणि दिवसभर ऑफिसही करतेस." ऐकायला बावळटपणा वाटेल, पण ज्याचं दुखणं कुणी ऐकलेलंच नाही त्याला यानेच धीर येतो. मग विचारायचं: "मी नुसतं ऐकू, की यातून काय करता येईल ते दोघं मिळून बघू?" बऱ्याचदा पहिल्या दिवशी उत्तर "नुसतं ऐक" असंच असतं.

आता एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. बोलण्याचाही अतिरेक होतो. २००२ साली अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलामुलींच्या मैत्रीवर अभ्यास केला. मैत्रीत तेच तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होते, पण त्यांच्यात नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही जास्त दिसतात, असं त्यात आढळलं. म्हणून रोज रात्री दोन तास तोच विषय चालत असेल तर बोलण्याला एखाद्या कृतीची जोड द्या. सोबत चालून या, कपाटाचा एक कप्पा आवरा, काहीही. "मूड आला की करीन" असं म्हणून नैराश्यात मूड येत नाही. आधी हात हलवावे लागतात, मूड मागाहून येतो. आमच्या भाषेत याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की विचार बदलण्याच्या पूर्ण उपचारपद्धतीइतकाच गुण एवढ्या एका भागानेही येऊ शकतो. मात्र काम अगदी लहान ठेवायचं. "रोज तासभर व्यायाम" हे नैराश्यातल्या माणसाला सांगणं क्रूरपणा आहे. बूट घालून दारापर्यंत जायचं, आजच्यापुरतं तेवढंच.

मध्यरात्र

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहितेय कारण राहवत नाही.

माझा धाकटा भाऊ शिकायला दुसऱ्या शहरात असतो. दोन-तीन महिने फोनवर "हं", "ठीक" एवढंच बोलतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, "ताई, कशातच काही अर्थ नाही गं." मी विचारलं तर विषय बदलला. काल त्याच्या मित्राकडून कळलं की त्याने स्वतःची गिटार कुणाला तरी देऊन टाकली. त्या गिटारला तो मला हात लावू द्यायचा नाही. मला भलतेसलते विचार येतायत. त्याला तसं काही विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसताना मीच ते घातलं तर? काय करू?

पाणवठा

मध्यरात्र, आजच विचारा. आणि स्पष्ट विचारा.

विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. २०१४ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही, उलट काही जणांचे विचार कमी झाल्याचं दिसलं. ज्याच्या मनात ते नाहीच तो "नाही गं, इतकं काही नाही" म्हणेल. ज्याच्या मनात आहे त्याला पहिल्यांदा कुणाशी तरी ते बोलता येईल.

आडून विचारू नका. "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" या प्रश्नात तुम्हाला "नाही" हेच उत्तर हवंय हे त्याला कळतं आणि तो तेच देतो. असं म्हणा: "तू म्हणालास कशात अर्थ नाही, आणि गिटार दिलीस असं कळलं. मला तुझी काळजी वाटतेय म्हणून सरळ विचारते. जीव द्यावा असे विचार येतात का तुला?" आणि मग गप्प राहा. शांतता लांबली तरी ती भरून काढू नका.

"हो" आलं तर रडू आलं तरी चालेल, पण ओरडू नका, आईबाबांची शपथ घालू नका. "सांगितलंस ते फार बरं केलंस" म्हणा. मग विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का? कधी? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर त्याला एकट्याला ठेवायचं नाही. तुम्ही पोचेपर्यंत त्या मित्राला त्याच्यासोबत बसवा, औषधांचा साठा आणि धोक्याच्या वस्तू तिथून हलवा आणि त्याच दिवशी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. आत्महत्येची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच तीव्र असते. त्या वेळात साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. मी हे रोजच्या कामात बघते.

आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "मदतीसाठी लागेल तेवढ्याच लोकांना, आणि तुला विचारून सांगेन" असं म्हणा.

रात्री-बेरात्री काहीच सुचलं नाही तर तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला तुम्ही स्वतःसुद्धा फोन करू शकता. अशा सेवा काळजी करणाऱ्या नातेवाइकांचंही ऐकतात. चॅड व्हारा यांनी १९५३ साली लंडनमध्ये फोनवर अशी सेवा सुरू केली आणि आता पुष्कळ देशांत अशा सेवा आहेत.

रानवाट

मध्यरात्र, मित्राचा नंबर आहे ना जवळ? आधी त्याला फोन करा, मग भावाला. आम्ही सगळे इथे आहोत.

व्यवस्थापन

सर्वांना विनंती: या धाग्यावर औषधांची नावं आणि मात्रा सुचवू नयेत. आत्महत्येच्या पद्धतींचा तपशील लिहू नये. दोन प्रतिसाद संपादित केले आहेत.

शब्दवेल

नावं न लिहिता औषधांबद्दल थोडं, कारण बरेच जण डॉक्टरांपर्यंत जातात आणि गोळ्या लिहून दिल्या की तिथून परत फिरतात.

नैराश्यावर एसएसआरआय या गटातल्या गोळ्या सर्वांत जास्त दिल्या जातात. त्यांचा गुण दुसऱ्या दिवशी येत नाही. दोन ते चार आठवड्यांत सुरुवात होते, पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागू शकतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच: मळमळ, डोकं दुखणं, अस्वस्थता. बरेच जण इथेच सोडतात आणि "औषधाने काही होत नाही" असं सांगत फिरतात. मी पहिल्या आठवड्यात रोज रात्री काय होतंय ते तारखेसह लिहीत होते. मळमळ चार दिवसांत गेली हे त्या कागदामुळेच कळलं, नाहीतर मला आठवणीत सगळा आठवडा वाईटच होता.

व्यसन लागतं का? या गोळ्यांची तलफ येत नाही, मात्रा आपणहून वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता वाढते.

२५ च्या आतल्या मुलांना औषध सुरू केलं तर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत २००४ पासून औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा आहे आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्यांना लागू केला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही, एकटं सोडू नये असा आहे. मध्यरात्र, तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं.

आणि एक, पहिली गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले होते. बाकीच्यांना औषध बदलून किंवा जोड देऊन बघावं लागलं. त्यामुळे पहिलं नाही लागलं तर "माझं काही होणार नाही" या निष्कर्षावर उडी मारू नका. थायरॉइडची तपासणी करून घ्यायला विसरू नका, ते कमी असलं तरी अशीच लक्षणं दिसतात.

कोरा कागद

ऑफिसमध्ये सांगावं का, यावर कुणाचा अनुभव? मला सध्या तोच पेच आहे.

तिरीप

मी आजाराचं नाव सांगितलं नाही. "वैद्यकीय उपचार चालू आहेत, पुढचे तीन महिने सकाळी उशिरा येऊन संध्याकाळी उशिरापर्यंत थांबेन, आणि दर आठवड्याला एक दुपार सुट्टी लागेल" एवढंच मॅनेजरला लेखी कळवलं. नेमकी मागणी असली की "हो" म्हणणं त्यांनाही सोपं जातं. नंतर विश्वास बसला तेव्हा नाव सांगितलं. पण आधी तुमच्याकडे नियम काय आहेत ते बघा, आणि जिथे लोकांच्या आजाराची पाठीमागे टिंगल होते तिथे नाव मुळीच सांगू नका.

मध्यरात्र

काल लिहायला जमलं नाही. सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत.

विचारलं मी. पाणवठाताईंनी लिहिलं होतं जवळपास तसंच, कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. तो खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?" विचार येतात, रोज येतात, पण ठरवलेलं काही नाही असं म्हणाला. मित्र रात्रभर त्याच्या खोलीवर थांबला, पहाटे मी पोचले. आज दुपारी मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी पहिल्यांदा मला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं. मग दोघांना बोलावून एक कागद भरायला लावला: विचार वाढतायत हे कशावरून ओळखायचं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे जायचं, कुणाला फोन करायचा, खोलीत काय ठेवायचं नाही. सहा-सात ओळीच आहेत, पण त्याने त्या स्वतःच्या हाताने लिहिल्यात. चार दिवसांनी पुन्हा बोलावलंय.

आता प्रश्न आईबाबांचा. तो म्हणतो, सांग, पण मी फोनवर बोलणार नाही, आई रडायला लागली की मला सहन होत नाही. त्यांना न सांगताही राहता येत नाही. कसं सांगू?

पाणवठा

फार चांगलं केलंत. त्या कागदाला सेफ्टी प्लॅन म्हणतात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी त्याची पद्धत बसवली आहे. त्याचा फोटो तुमच्या, त्याच्या आणि मित्राच्या, तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आईबाबांचं जुना वाचक यांनी सांगावं असं मला वाटतं. त्यांच्या मुलीचं त्यांनी पूर्वी इथे लिहिलं होतं.

जुना वाचक

आलो. बाप म्हणून लिहितो.

माझ्या मुलीने मला आणि तिच्या आईला एकाच वेळी, एकाच मेसेजमध्ये कळवलं होतं. ते मला फार मोलाचं वाटलं. एकाला आधी सांगितलं की दुसऱ्याला ते लपवायचं ओझं होतं, आणि दुसरा "मला का नाही सांगितलं" यावर अडून बसतो. दुसरं म्हणजे तिने आम्हाला काम दिलं होतं. आईबापाला मुलाचं असं ऐकून हातपाय गळाल्यासारखं होतं, आणि काही करता आलं नाही की आम्ही प्रश्न विचारतो, रडतो, उपदेश करतो. तिने लिहिलं होतं की बाबा, दर बुधवारी डॉक्टरांकडे तू सोड. आई, रात्री नऊला फोन कर, पण तब्येतीचं विचारू नकोस, दिवसभरात काय केलंस ते तू सांग. आम्ही ते धरून ठेवलं. ती बरी होईपर्यंत आमची आपसातली धुसफूससुद्धा त्यानेच आटोक्यात राहिली.

मध्यरात्र, मेसेज भावालाच लिहू दे, तू शेजारी बस. मग तू फोन कर आणि आईला रडू दे, तुझ्यापाशी. त्याच्यापर्यंत ते रडणं आज जायला नको. बाबांना डॉक्टरांचं नाव आणि पुढच्या भेटीची तारीख सांग, त्यांना धरायला काहीतरी लागेल. "आमचं काय चुकलं" हा प्रश्न येणारच. त्याला आत्ता उत्तर देत बसू नकोस. "ते डॉक्टरांना विचारू, चार दिवसांनी तुम्हीही या" म्हण.

मध्यरात्र

त्याने लिहिला. त्याला विचारून इथे देतेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणाला.

"आई, बाबा, गेले तीन महिने मला बरं वाटत नाहीये. झोप नाही, अभ्यास होत नाही, जगू नये असेही विचार येतात. ताई आली आहे, आज डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू केलंय. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. दोन-तीन दिवस मला फोन करू नका, ताईला करा. बाबा, परीक्षेचा फॉर्म पुढच्या वेळेसाठी कसा बदलायचा ते कॉलेजात विचाराल का? आई, तू रोज सकाळी फक्त एक मेसेज कर, काहीही लिही. मी उत्तर देईन."

आईचा फोन पाच मिनिटांत आला. बाबांनी कॉलेजचा नंबर मागितलाय.

शब्दवेल

मध्यरात्र, आता तूही झोप काढ. मित्राशी पाळ्या ठरवून घे, सलग एकटीने जागू नकोस. पुढच्या भेटीला जाताना कागद घेऊन जा: गोळी किती वाजता घेतली, किती वेळ झोपला, काय त्रास झाला. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.